फादर श्पे आणि राजाची श्रद्धा

आपल्या मॉरिशसमध्ये देऊळ, मशीद आणि चर्च पुष्कळदा एकाच रस्त्यावर उभी असतात. दर ९ सप्टेंबरला पेर लावाल यांच्या समाधीच्या दर्शनाला सेंत-क्रुआला जाणाऱ्या गर्दीत हिंदू माणसेही असतात. त्यामुळे ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या उपासनेतील काही गोष्टी आपल्याला परक्या वाटत नाहीत. त्यांतील एक गोष्ट म्हणजे देशाचा कारभार पाहणाऱ्यांसाठी केली जाणारी प्रार्थना. राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मिळो आणि प्रजेला शांततेने जगता येवो, असे तिच्यात देवाजवळ मागितलेले असते.

या प्रार्थनेवरून एक प्रश्न नेहमी निघतो. ज्या पुढाऱ्याच्या श्रद्धेविषयीच शंका आहे, जो सणासुदीला आणि निवडणुकीच्या दिवसांतच देवापुढे हात जोडताना दिसतो, त्याच्यासाठी श्रद्धावंत माणसाने प्रार्थना करावी काय? केली तर त्याच्या ढोंगाला आपला हातभार लागतो, असे कोणी म्हणतात. न केली तर आपणच त्याचे न्यायाधीश होऊन बसतो, असे दुसरे म्हणतात.

ख्रिस्ती धर्मात या प्रार्थनेचा आधार फार जुना आहे. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेले पौलाचे पहिले पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची सूचना आहे. त्या काळी रोमचे सम्राट ख्रिस्ती नव्हते आणि ख्रिस्ती लोकांचा छळही होत असे. म्हणजे राजाची श्रद्धा आधी तपासावी आणि मग प्रार्थना करावी, अशी अट मुळात नव्हती. पण पुढे राजे स्वतःला ख्रिस्ती म्हणवू लागले आणि प्रश्न अधिक अवघड झाला. जो राजा आपल्याच धर्माचे नाव घेतो आणि त्याच नावाने निरपराध माणसांचे प्राण घेतो, त्याचे काय करावे? हा प्रश्न ज्यांना आयुष्यभर पुरला, अशा एका जर्मन धर्मगुरूची ही कथा आहे.

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी ड्युसेलडॉर्फ हे मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेला कायझर्सवेर्त नावाचे जुने गाव असून १९२९ पासून ते ड्युसेलडॉर्फमध्ये मोडते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपल्या शाळांतील मुलांना ठाऊक असते. त्यांनी १८५१ साली रुग्णसेवेचे शिक्षण घेतले ते याच गावी. त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे आधी, २५ फेब्रुवारी १५९१ रोजी, फ्रीड्रिख श्पे यांचा जन्म येथे झाला. त्यांचे वडील पेटर श्पे हे कोलोनच्या राजाचे कायझर्सवेर्तच्या गढीवरील कारभारी होते. कोलोनचा राजा हा त्याच वेळी तेथील आर्चबिशपही असे. राजदंड आणि धर्मदंड एकाच हातात, अशी तेथील रीत होती.

त्या काळचा जर्मन मुलूख अनेक लहानमोठ्या राज्यांत वाटला गेला होता. १५५५ सालच्या आउग्सबुर्गच्या तहाने राजा जो पंथ पाळील तोच त्याच्या प्रजेचा, असे ठरून गेले होते. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात वैर होते. म्हणून राजाची श्रद्धा ही त्याच्या एकट्याची बाब राहिली नव्हती. राजाने पंथ बदलला की प्रजेलाही तो बदलावा लागे, नाहीतर घरदार सोडावे लागे.

ज्या मुलखात श्पे लहानाचे मोठे झाले, तेथे अशा राजांच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जात असणार. कोलोनचा आर्चबिशप गेबहार्ड याने १५८२ च्या अखेरीस प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला आणि लवकरच आग्नेस नावाच्या सरदारकन्येशी लग्न केले. राज्य मात्र त्याला सोडायचे नव्हते. त्यावरून पेटलेले युद्ध १५८८ पर्यंत चालले आणि ऱ्हाइनकाठची गावे होरपळून निघाली. श्पे तेवीस वर्षांचे असताना तर अगदी शेजारी, ड्युसेलडॉर्फमध्येच, तसाच प्रसंग घडला. तेथील ड्यूक १६०९ साली निपुत्रिक वारला होता आणि गादीसाठी दोन प्रॉटेस्टंट वारसदार भांडत होते. त्यांपैकी वोल्फगांग विल्हेल्म याने बव्हेरियाच्या कॅथलिक राजकन्येशी विवाह केला आणि मे १६१४ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे आपण कॅथलिक झाल्याचे जाहीर केले. त्याचा पिता कडवा लूथरपंथी होता. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. दुसरा वारसदार, ब्रांडेनबुर्गचा राजा, १६१३ च्या नाताळात लूथरचा पंथ सोडून कॅल्व्हिनच्या पंथात गेला होता. नोव्हेंबर १६१४ मध्ये दोघांनी तह करून मुलूख वाटून घेतला.

दोघांचेही पंथ बदलले आणि दोघांच्याही पदरात जमीन पडली. लोकांनी काय ओळखायचे ते ओळखले. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. वोल्फगांग विल्हेल्म पुढे १६५३ साली मरेपर्यंत कॅथलिकच राहिला. जमिनीसाठी घेतलेली श्रद्धा चाळीस वर्षांत खरी झाली की नाही, हे कोण सांगणार? माणसाच्या अंतःकरणात डोकावण्याची खिडकी नसते.

श्पे यांनी १६१० साली ट्रिअर येथे जेझुइट संघात प्रवेश केला. हा संघ शिक्षण आणि धर्मप्रसार या दोन कामांसाठी प्रसिद्ध होता. तरुण श्पे यांच्या मनात मात्र एक वेगळीच ओढ होती. त्यांना हिंदुस्थानात जायचे होते. ज्यांचा देह गोव्यात ठेवला आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांच्या वाटेने आपणही जावे, म्हणून १६१७ साली त्यांनी रोमला संघप्रमुखांकडे विनंतीपत्र धाडले. विनंती मान्य झाली नाही. त्यांची गरज जर्मनीतच आहे, असा वरिष्ठांचा निर्णय झाला.

आपणा मराठी माणसांना हे वाचताना एक योगायोग जाणवल्याशिवाय राहत नाही. श्पे यांनी हे पत्र लिहिले त्याच्या आदल्याच वर्षी, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे क्रिस्तपुराण छापले गेले होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीत आहे. श्पे गोव्याला आले असते तर कदाचित तेही आपली भाषा शिकले असते, कारण त्यांच्याही अंगी कवित्व होते. ते त्यांनी आपल्या जर्मन भाषेला दिले. त्यांची भक्तिगीते जर्मन चर्चमध्ये आजही गायली जातात आणि ती गाणाऱ्यांत कॅथलिकांबरोबर प्रॉटेस्टंटही असतात.

मार्च १६२२ मध्ये श्पे यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढे त्यांनी पाडरबोर्न येथे अध्यापन केले. काही काळ कोलोनमध्येही काम केले. या साऱ्या मुलखावर फर्डिनांड या एकाच राजाची सत्ता होती. तो कोलोनचा आर्चबिशप आणि राजा होता. शिवाय पाडरबोर्न, हिल्डेसहाइम आणि इतर काही ठिकाणचे बिशपपदही त्याच्याकडेच होते. तो जेझुइटांच्या हाताखाली शिकला होता आणि कॅथलिक पंथाचा कट्टर अभिमानी म्हणून ओळखला जात होता. अशा राजाच्या श्रद्धेविषयी शंका कोण घेणार?

१६२८ साली श्पे यांना हिल्डेसहाइमच्या मुलखातील पाइने या गावी पाठवण्यात आले. तेथील प्रॉटेस्टंट लोकांना पुन्हा कॅथलिक पंथात आणण्याचे काम त्यांच्यावर सोपवले होते. प्रजेवर पंथ लादण्याच्या या धोरणाचे श्पे स्वतः एक हत्यार होते, हे लपवण्यात अर्थ नाही. २९ एप्रिल १६२९ रोजी ते उपासनेसाठी घोड्यावरून जात असता वाटेत एका माणसाने त्यांच्यावर हल्ला केला. डोक्याला भयंकर जखमा झाल्या. ते वाचले, पण बरे व्हायला कित्येक महिने लागले.

याच वर्षांत जर्मनीत चेटकिणींच्या खटल्यांनी थैमान घातले होते. पीक बुडाले, जनावर मेले, मूल आजारी पडले, की गावात कोणाकडे तरी बोट दाखवले जाई. बहुधा ती एखादी एकटी, गरीब, वयस्क बाई असे. पुढे पुढे श्रीमंत, सुशिक्षित माणसे आणि मुलेसुद्धा सुटली नाहीत. कोलोन शहरात टपालाचा कारभार सांभाळणाऱ्या प्रतिष्ठित घराण्यातील कातारिना हेनोट हिचा अतोनात छळ झाला. तिने कबुलीजबाब दिला नाही, तरीही १९ मे १६२७ रोजी तिला मारण्यात आले. युरोपभर अशा खटल्यांत चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतील निम्मी तरी जर्मन मुलखातील होती.

मृत्युदंड झालेल्यांचा पापनिवेदनाचा विधी करण्यासाठी धर्मगुरू लागे. श्पे यांच्या वाट्याला हे काम आले. ज्यांना ते शेवटच्या क्षणी भेटले, त्यांच्यात खरोखर अपराधी असा एकही जीव त्यांना आढळला नाही. तुरुंगाच्या दाराबाहेर राजासाठी प्रार्थना चालत आणि दाराच्या आत त्याच राजाच्या हुकुमाने हाडे मोडली जात. दोन्ही आवाज श्पे यांच्या कानांवर पडत होते.

त्यांनी लेखणी उचलली. मे १६३१ मध्ये रिंटेल्न या गावी त्यांचा लॅटिन ग्रंथ छापला गेला. काउत्सिओ क्रिमिनालिस हे त्याचे नाव. फौजदारी खटल्यांत बाळगायची सावधगिरी, असा त्याचा अर्थ होतो. ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते. कोणी एक कॅथलिक धर्मपंडित, एवढाच उल्लेख होता. आणि छापणारा छापखाना होता प्रॉटेस्टंट विद्यापीठाच्या गावचा! ज्या पंथाच्या माणसांना आपल्या पंथात ओढण्यासाठी ते गेले होते, त्याच पंथाच्या गावात त्यांच्या सत्याला वाट मिळाली.

ग्रंथात ५१ प्रश्न आणि त्यांची उत्तरे आहेत. चेटकिणी असतात की नाही, या वादात श्पे शिरले नाहीत. असतात, असे त्यांनी सुरुवातीलाच मान्य करून टाकले. त्यांचा रोख खटल्याच्या रीतीवर होता. बाई भ्यालेली दिसली तर ती अपराधी, कारण तिचे मन तिला खाते. ती निर्भय दिसली तरी अपराधी, कारण सैतान तिला धीर देतो. छळ सोसवेना म्हणून तिने कबूल केले तर खटला संपला. सोसून गप्प राहिली तर ती सहनशक्तीही चेटकाचीच. मग निरपराध माणसाने सुटावे तरी कसे? छळाखाली ती आणखी चार नावे घेते आणि त्या चौघींचे सोळा होतात. अशा छळापुढे बिशप आणि न्यायाधीश उभे केले, तर तेही चेटूक कबूल करतील, असे श्पे यांनी दाखवून दिले.

पण ग्रंथाचा खरा रोख राजांकडे होता. प्रस्तावनेतच त्यांनी सांगून टाकले की हे पुस्तक वाचण्याची ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे, तेच ते वाचणार नाहीत. ज्यांना सदसद्विवेक आहे ते वाचतील, पण त्यांना त्याची फारशी गरज नाही. राजे म्हणत की हे काम आम्ही अधिकाऱ्यांवर सोपवले आहे. अधिकारी म्हणत की आम्ही राजाच्या हुकुमाचे ताबेदार आहोत. दोघेही निश्चिंत झोपत. श्पे यांनी हे चक्र उघडे केले. प्रजेच्या प्राणांचा प्रश्न असता राजाला आपली जबाबदारी कारकुनावर टाकता येत नाही. त्याने स्वतः चौकशी केली पाहिजे, तुरुंगात काय चालते ते जाणून घेतले पाहिजे. राजाचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि त्याचे सल्लागार यांनाही श्पे यांनी सोडले नाही. राजाला गोड वाटेल तेवढेच सांगणारा धर्मगुरू राजाचा आत्मा बुडवतो, हे त्यांचे म्हणणे होते.

परिणाम व्हायचा तोच झाला. पाडरबोर्नच्या सहायक बिशपाने ग्रंथाची कठोर निंदा केली. लेखक कोण हे लपून राहिले नाही.  संघाच्या परवानगीवाचून पुस्तक छापले गेले, म्हणून रोमचे संघप्रमुखही नाराज झाले. त्यात १६३२ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. श्पे यांना संघातून काढण्याची भाषा सुरू झाली. प्रांतप्रमुख गोस्विन निकेल यांनी मात्र त्यांना संभाळून घेतले आणि ट्रिअरला शिकवण्यासाठी पाठवले.

मार्च १६३५ मध्ये त्या युद्धात ट्रिअर शहर सम्राटाच्या बाजूच्या फौजांनी घेतले. शहर जखमी आणि आजारी सैनिकांनी भरून गेले. साथ पसरली. श्पे रुग्णांच्या आणि कैद्यांच्या सेवेला लागले. तीच साथ त्यांना लागली आणि ७ ऑगस्ट १६३५ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ट्रिअरच्या जेझुइट चर्चच्या तळघरातील त्यांची कबर पुढे विस्मरणात गेली होती. ती १९८० साली पुन्हा सापडली.

ज्या राजाच्या राज्यात श्पे राबले, त्या फर्डिनांडचे मन त्यांच्या ग्रंथाने पालटल्याचे दिसत नाही. पण दुसऱ्या एका राजावर त्यांची छाप पडली. योहान फिलिप फोन शोनबोर्न हा तरुणपणी श्पे यांना ओळखत होता. एवढ्या लवकर केस का पांढरे झाले, असे त्याने त्यांना विचारले, तेव्हा निरपराध स्त्रियांना चितेपर्यंत सोबत करावी लागल्याच्या दुःखाने ते झाले, असे त्यांनी सांगितले. हा शोनबोर्न १६४२ साली व्युर्झबुर्गचा बिशप झाला आणि १६४७ साली माइन्झचा आर्चबिशप व राजा झाला. त्याने आपल्या मुलखात चेटकिणींचे खटले बंद पाडले. ही हकीकत त्याने तत्त्वज्ञ लाइब्निट्झ यांना सांगितली आणि त्यांनी ती १७१० सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवली. हाले येथील प्रॉटेस्टंट कायदेपंडित टोमासिउस यांनीही १७०१ साली या खटल्यांविरुद्ध लिहिताना श्पे यांच्या ग्रंथाचा आधार घेतला. १७१४ साली प्रशियाच्या राजाने अशा खटल्यांना लगाम घालणारा हुकूम काढला.

तरीही पूर्ण उजाडायला वेळ लागला. श्पे यांच्या जन्मगावापासून थोड्याच अंतरावर गेरेसहाइम आहे. आता तेही ड्युसेलडॉर्फचाच भाग आहे. तेथे १९ ऑगस्ट १७३८ रोजी हेलेना कुर्टेन्स ही कोवळ्या वयाची मुलगी आणि तिची शेजारीण आग्नेस ओल्मान्स यांना जाळण्यात आले. श्पे यांचा ग्रंथ छापला गेल्याला तेव्हा १०७ वर्षे झाली होती. ड्युसेलडॉर्फ नगराने २०११ साली या दोघींना निर्दोष ठरवून त्यांची अब्रू परत केली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याची श्रद्धा संशयास्पद वाटते, त्या राज्यकर्त्यासाठी प्रार्थना करावी काय? श्पे यांच्या काळी गुड फ्रायडेच्या उपासनेत सम्राटासाठी प्रार्थना होतच असे आणि श्पे तर दीक्षा घेतलेले धर्मगुरू होते. आजही त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये सत्तेवर असणाऱ्या सर्वांसाठी प्रार्थना होते आणि तीत त्यांचा धर्म विचारला जात नाही. प्रार्थना करणे योग्यच आहे, असे मला श्पे यांच्या चरित्रावरून वाटते. आपण राजाच्या अंतःकरणाची परीक्षा घेऊ शकत नाही. वोल्फगांग विल्हेल्मची श्रद्धा खोटी होती, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि फर्डिनांडच्या पंथाभिमानात कोणतीच खोट नव्हती, तरी त्याच्या तुरुंगांत माणसे किंचाळत होती. म्हणून राजा कोणत्या देवळात जातो यापेक्षा त्याच्या तुरुंगातील माणसाचे काय होते, हे पाहिले पाहिजे.

मात्र प्रार्थना केली म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नाही. ज्याच्यासाठी आपण सद्बुद्धी मागतो, त्याच्यापुढे सत्य ठेवण्याचे कामही आपल्यावर येते. नाहीतर ती प्रार्थना म्हणजे देवाच्या साक्षीने केलेली खुशामत होते. श्पे यांनी राजाचा द्वेष केला नाही, बंड केले नाही आणि आपला संघही सोडला नाही. त्यांनी राजाच्या आत्म्याची काळजी वाहिली, आणि म्हणूनच त्याला न आवडणारे लिहिले.

आपल्या परंपरेला हा विचार नवा नाही. ज्ञानेश्वरांनी पसायदान मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही, तर त्यांच्यातील दुष्टपणा जावा असे मागितले. आपल्या गणेशोत्सवात पुढारी येतात. त्यांतले कोण भक्तीने येतात आणि कोण मतांसाठी, हे गणपतीच जाणे. आरतीचे तबक आपण सर्वांपुढे सारखेच धरतो आणि ते धरावेच. फक्त आरती संपल्यावर, गावात ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याचे गाऱ्हाणे त्या पाहुण्याच्या कानावर घालण्याचे धैर्य आपल्यापैकी एकाने तरी दाखवावे. फादर श्पे यांचे स्मरण करण्याचा मला तरी हाच चांगला मार्ग दिसतो.